दादाराव उंदीर आणि माझी पाचवी

माझी नात प्रज्ञा गडचिरोलीत नोकरी करते. बायकांच्या गटांनी केलेले मोहफुलांचे लाडू, जांभळाची पावडर, बांबूच्या टोपल्या असा माल शहरातल्या मोठ्या दुकानदारांना दाखवायचा आणि त्यांच्या गळी उतरवायचा, हे तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे लॅपटॉप आहे आणि भिंतीवर चित्रं पाडणारं एक यंत्र आहे. मागच्या महिन्यात ती आमच्या भिंतीवर सराव करत होती. भिंतीवर एक लाडू पडला होता, माझ्या डोक्याच्या चौपट. ती म्हणाली, "आजी, नुसता लाडू कोणी घेत नाही. लाडवाची गोष्ट सांगावी लागते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं." मी म्हटलं, "त्याचं ट्रेनिंग असते? माह्या बाबाले कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्यापाशी फक्त एक उंदीर होता." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते. मी गंमत करत नाही, मला ती जमत नाही. म्हणून ते सगळं इथे लिहून ठेवते.

माझा बाबा पत्र्याचं काम करायचा. आमच्या वस्तीतले बाकीचे सगळे धानाच्या बांध्यांत मजुरीला जात. बाबा लहानपणी गावातल्या रज्जाकचाचांच्या दुकानात पाणी भरायला जायचा, तिथेच त्याने कातर धरली आणि पुन्हा सोडली नाही. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. पडवीत पत्र्याचे तुकडे, तारेची भेंडोळी, शेगडी आणि नवसागराचा नाकात जाणारा वास. सकाळी उठल्यापासून ठोकाठोक. त्या आवाजावर आवाज काढून बोलायचं, म्हणून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. "भात वाढ" हेही आम्ही खून पडल्यासारखं सांगायचो. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिल्या दिवशी सासूला वाटलं सून भांडायला उठली. मी फक्त मीठ मागितलं होतं.

बाबा रॉकेलच्या चिमण्या करायचा, चाळण्या, नरसाळी, पेट्या करायचा. मग गावात वीज आली आणि चिमण्या कोणी घेईना. वीज आली तरी उंदीर गेले नाहीत, हे बाबाच्या लक्षात आलं. धानाचा मुलूख आमचा, घराघरात कोठ्या भरलेल्या. बाबाने उंदराचा पिंजरा बनवायला घेतला. पत्र्याची पेटी, पुढे जाळी, आत तारेच्या आकड्याला खाऊ टांगलेला. उंदराने खाऊ ओढला की दार खट्‌कन खाली पडायचं आणि बाहेरून एक बारीक खिट्टी आपोआप बसायची. खिट्टी बसली की आतून दार उचलता येत नसे. ही खिट्टी बाबाच्या डोक्यातून निघालेली होती आणि तिचा त्याला इतका गर्व होता की पाहुणे आले तर चहाच्या आधी खिट्टी दाखवायचा.

पहिला पिंजरा त्याने आमच्याच घरात लावला. सकाळी त्यात एक तरणाबांड उंदीर बसला होता. माय बादलीत पाणी घेऊन आली, बुडवायला. बाबा आडवा झाला.

"अगे थांब! बोहनी आहे थे. बोहनीच्या गिऱ्हाईकाले कोनी मारते का?"

"उंदीर गिऱ्हाईक असते का?"

"पह्यला आला ना पिंजऱ्यात? मंग पह्यला गिऱ्हाईक तोच."

आमच्याकडे बोहनीच्या गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, तोट्यात का होईना काहीतरी देतात. बाबाने त्याला शेंगदाणा दिला. उंदराने तो दोन्ही हातांत धरून, मिशा हलवत, डोळे मिटून खाल्ला. मायचे मावसे दादाराव अगदी असेच जेवायचे. मी तसं म्हटलं आणि मायने माझ्या पाठीत धपाटा घातला, पण घालता घालता तीच हसली. उंदराचं नाव दादाराव पडलं. खरे दादाराव आमच्याकडे जेवायला येत तेव्हा उंदराला नुसतं "थे" म्हणायचं असं ठरलं होतं. "थ्याले दाना टाकला का?" असं माय विचारायची आणि पंगतीत बसलेले मावसे वर बघायचे.

दादारावची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. त्याला राहायला बाबाने जुन्या तेलाच्या डब्याचं घर केलं, त्याला वर सरकणारं दार. आम्ही लाखोळीची डाळ आणि भात खायचो, हंगामात अंबाडीची भाजी, बाजाराच्या दिवशी सुकट. सुकं खोबरं आमच्या घरात यायचं ते फक्त दादारावसाठी. त्याला तुकडा देण्याआधी त्यातला मोठा भाग मी खायचे. तो काही बोलायचा नाही. त्या वयात मला असा दुसरा कोणी भेटला नव्हता.

आता बाजार. आठवड्यातले चार दिवस बाबा चार गावांच्या बाजारांत बसायचा, शाळेला सुट्टी असेल तेव्हा मी त्याच्याबरोबर. सुरुवातीला पिंजरे मांडून तो नुसता बसला होता. लोक येत, खिट्टीला बोट लावत, "बरं आहे" म्हणत आणि कांदे घ्यायला जात. दोन बाजार असे गेले. तिसऱ्या बाजारात बाबा एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "बाप्पा, एका गावी लगन होतं." कुठून सुचलं, त्यालाही माहीत नव्हतं. लग्न म्हटल्यावर दोन बायका थांबल्या.

"लगन होतं. नवरीचा शालू थेट नागपूरवून आनला. पेटीत ठेवला. पेटीले कुलूप. कुलुपाची चावी नवरीच्या मायच्या कमरेले. आता सांगा, त्या शालूले कोन हात लावन?"

"कोनी नाई!" बायका म्हणाल्या.

"सकाळी पेटी उघडली. शालूची झाली जाळी! मधात एवढं मोठं भोक. दुसरा शालू कुठून आनन? नवरीनं थोच नेसला. मांडवात आली. सासऱ्यानं पाह्यलं, तर नवरीच्या अंगातून मागचा बँडवाला दिसून राह्यला! सासरा नवरीच्या बापाले म्हने, का हो इवाई, आमाले नवरी देऊन राह्यले का खिडकी देऊन राह्यले?"

माणसं हसली की बाबा हळूच हात वर करायचा आणि म्हणायचा, "हा पाहा थो चोर." मी खाली बसून डब्यावर नखाने टिचकी मारायचे आणि दार सरकवायचे. दादाराव बाहेर यायचा, इकडे तिकडे बघायचा, जसं काही पाहुणे मोजतोय, आणि टुकूटुकू चालत पिंजऱ्यात शिरायचा. खट्! पिंजरे खपायचे.

ही गोष्ट वाढत गेली. पहिल्या आठवड्यात उंदराने शालू खाल्ला. नंतर नवरदेवाचा फेटा खाल्ला. दिवाळीपर्यंत त्याने पेटीवाल्याच्या पेटीचा भाता आणि झोपलेल्या सासऱ्याची अर्धी मिशी खाल्ली होती. चामोर्शीच्या बाजारात एक म्हातारी यायची, डोक्यावर पदर, हातात बांबूची काठी. पहिल्यांदा गोष्ट ऐकून ती सगळ्यांबरोबर हसली नाही. सगळे हसून झाल्यावर तिने विचारलं, "मंग त्या पोरीचं लगन मोडलं का गा भाऊ?" बाबा अडकला. त्याने त्या पोरीचा विचारच केला नव्हता. पण गिऱ्हाईक समोर उभं होतं. "मोडलं बाई," तो म्हणाला, "पन दुसरं जमलं. कंपाउंडर भेटला. सरकारी." म्हातारीचा जीव भांड्यात पडला, तिने पिंजरा घेतला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा हजर. "कशी आहे पोरगी?" मग दर आठवड्याला बाबाला त्या नवरीची खबर द्यावी लागे. तिला मुलगा झाला, कंपाउंडरची बदली झाली, सासू तिखट निघाली. दर वेळी म्हातारी एखादी चाळणी किंवा पिंजरा घेऊन जायची. तिच्या घरी सहा पिंजरे झाले आणि उंदीर एकही नव्हता, कारण तिच्याकडे मांजर होती. हे तिनेच सांगितलं.

प्रज्ञाला हे सांगितलं तेव्हा तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली, "आजी, याला ग्राहकाशी नातं जोडणं म्हणतात." असेल. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो.

याच सुमारास मी चौथी पास झाले. गावची शाळा चौथीपर्यंतच. पुढचं शिकायचं तर गडचिरोलीला, वसतिगृहात राहून. मला जायचं होतं. कशासाठी, ते फार उदात्त नव्हतं. गुरुजींनी सांगितलं होतं की तिथे मुलींना एकेक खाट मिळते, आणि मी घरात माय आणि दोन भावांच्या मध्ये झोपायचे, लाथा खात. शिवाय मला पाढे यायचे. तीसपर्यंतचे पाढे येणाऱ्या माणसाने आयुष्यभर खोबऱ्याचे तुकडे करत बसू नये असं मला वाटायचं. बाबाने माझ्यासाठी पेटीसुद्धा केली. निळ्या रंगाची, कडीची, आणि झाकणावर खिळ्याने ठोकून ठोकून ठिपक्यांत माझं नाव, पंचफुला. त्याला अक्षर येत नव्हतं. मी खडूने लिहून दिलं आणि त्याने त्यावरून ठोकलं. पण पेटी झाली म्हणजे सगळं झालं नाही. कपडे, वह्या, बसभाडं, सगळंच पाहिजे होतं. मे महिन्यात बाबा गडचिरोलीहून निरोप घेऊन आला. तिथल्या एका मोठ्या धानाच्या गोदामात उंदरांनी उच्छाद मांडला होता आणि तिथल्या साहेबांनी पिंजरे बघायला बोलावलं होतं. पसंत पडले तर शंभर पिंजरे.

बाबाने पडवीतून ओरडून सांगितलं, "फुला, ऑर्डर भेटली का पाचवी पक्की!"

माय आतून ओरडली, "अन् नाई भेटली तं?"

"नाई भेटली तं बाजार आहेच!"

माझी पाचवी आता एका उंदराच्या पायावर उभी होती. त्या आठवड्यात मी खोबऱ्याचा एकही तुकडा खाल्ला नाही. सगळं दादारावला दिलं. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक त्याग.

इथे एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, कारण पुढचा घोळ त्यामुळे झाला. दादारावच्या पिंजऱ्याची खिट्टी मी वाकवून ठेवली होती. एकदा बाजार उठताना ती खिट्टी अडकली होती आणि त्याची शेपटी दारात चेमटली होती. तेव्हापासून मी पक्कडीने ती जरा बाजूला करून ठेवायचे. दार पडायचं, पण खिट्टी बसायची नाही. गर्दी पांगली की दादाराव नाकाने दार उचलायचा, बाहेर यायचा आणि आपल्या डब्यात जाऊन झोपायचा. बाबाला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं मीच त्याला काढून ठेवते.

लाल बसने आम्ही गडचिरोलीला गेलो. दादाराव माझ्या मांडीवर, डब्यात, वर फडकं. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय आहे?" बाबा म्हणाला, "पाहुने."

गोदामाच्या ऑफिसात एक मोठं टेबल होतं. साहेब पश्चिम महाराष्ट्राकडचे होते, नवीन बदलून आलेले, इस्त्रीचा शर्ट आणि तोंडावर बारा वाजलेले. त्यांच्या शेजारी हेडक्लार्क, मागे तीन कारकून, दारात बंडूभाऊ शिपाई. बंडूभाऊ आमच्या गावाकडचा होता आणि त्याने बाजारात ती गोष्ट पाच-सहा वेळा ऐकली होती. तो बाबाकडे बघून आधीच दात काढत होता. मी टेबलावर डबा आणि पिंजरा समोरासमोर ठेवले आणि खाली उभी राहिले. माझी हनुवटी टेबलाच्या कडेला लागत होती.

बाबाने घसा साफ केला. "बाप्पा, एका गावी लगन..."

"हे काय?" साहेब म्हणाले. "गोष्ट नको. मला वेळ नाही. पिंजरा काम करतो का, तेवढं दाखवा."

बाबाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी टिचकी मारली, दार सरकवलं. दादाराव बाहेर आला नाही. पुन्हा टिचकी मारली. डब्यातून त्याचं नाक तेवढं दिसलं. त्याने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, आणि दोघांनाही एकमेकांत काही विशेष वाटलं नाही.

बाबाला वाटायचं दादाराव त्याच्या "हा पाहा थो चोर" या वाक्यावर येतो. म्हणून त्याने ते वाक्य म्हटलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचं बोट चुकून साहेबांकडे गेलं. मला वाटायचं तो माझ्या टिचकीवर येतो. मी टिचक्या मारून मारून नख दुखवून घेतलं. नाक तिथेच. आम्ही दोघं दीड वर्षं त्या उंदराबरोबर काम करत होतो आणि तो नेमका कशावर येतो हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"गोष्ट सांगू का साहेब?" बाबाने हात जोडून विचारलं. "गोष्टीबिगर येत नाई वाटते."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "सांगा. लवकर."

आणि बाबाने काय केलं, तर साहेबांसारखं बोलायला लागला. "एका गावामध्ये विवाह होता. वधूचे वस्त्र पेटीमध्ये ठेवण्यात आलेले होते." शाळेच्या पंधरा ऑगस्टला पाहुणे बोलतात तसं. खिडकी राहिली, बँडवाला राहिला, सासरा नुसता "नाराज झाले" एवढ्यावर आला. कोणी हसलं नाही. कारकुनांनी साहेबांकडे बघितलं, साहेब हसत नव्हते, मग त्यांनीही तोंडं बंद ठेवली. उंदराचं नाकही आत गेलं. बाबाच्या कपाळावरून घाम ओघळला आणि माझी वसतिगृहातली खाट कोणीतरी हळूहळू उचलून नेताना मला दिसली.

तेव्हा मला कळलं. बाजारात टिचकी असो नसो, वाक्य असो नसो, एक गोष्ट दर वेळी आधी व्हायची. मी घरच्या आवाजात बोलले. म्हणजे ओरडले.

"साहेब, तुमी हासल्याबिगर थो येत नाई!"

साहेब दचकले. "कोण येत नाही?"

"उंदीर. त्याले मानसं हासली का खोबरं भेटते. तुमचं तोंड पाहून त्याले वाटून राह्यलं, आज खोबरं नाई!"

दारातून फुस्स असा आवाज आला. बंडूभाऊने तोंडात टोपी कोंबली होती, पण उशीर झाला होता. एक कारकून फाइलच्या मागे गेला आणि ती फाइल हलायला लागली. साहेबांनी रागावण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यातून हसूच बाहेर आलं, आधी नाकातून, मग सगळं. साहेब हसले म्हटल्यावर ऑफिसाला परवानगी मिळाली. आणि दादाराव निघाला. टुकूटुकू टेबलावरून चालत, शाईच्या दौतीला वळसा घालून, पिंजऱ्यात शिरला. खट्!

टाळ्या पडल्या. बाबाने सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. साहेब पुढे वाकून बघायला लागले, आणि दादारावने खोबरं तोंडात धरलं, नाकाने दार उचललं आणि सगळ्यांच्या देखत बाहेर येऊन साहेबांच्या समोर बसून खायला लागला.

बाबा पिंजऱ्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. मी टेबलाखाली बघत होते. साहेब हळू आवाजात म्हणाले, "हा तर बाहेर आला."

त्या वेळी मला जे सुचलं ते मी म्हटलं. विचार केला असता तर म्हटलं नसतं.

"साहेब, हा शिकलेला आहे. तुमच्या गोदामातले अडानी आहेत. त्याईले नाई येनार."

साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि हसले. आता चूक अशी झाली की सगळे हसले. हसू ऐकून दादाराव उठला, नाकाने दार उचलून पुन्हा पिंजऱ्यात शिरला, खट्, खोबऱ्याचा राहिलेला तुकडा घेतला आणि बाहेर आला. ते बघून सगळे आणखी हसले. तो पुन्हा आत गेला. खट्. बाहेर. आता आत खोबरंही नव्हतं, पण तो आपल्या कामाला चोख होता. बंडूभाऊ दारातच खाली बसला. साहेब डोळे पुसत "थांबवा, थांबवा त्याला" म्हणत होते, पण हसत म्हणत होते, म्हणून दादाराव थांबत नव्हता. शेवटी मीच त्याला उचलून डब्यात घातलं. त्याला धाप लागली होती.

एकटे हेडक्लार्क हसले नव्हते. ते म्हणाले, "साहेब, हा खेळ झाला. पिंजऱ्यात दम नाही." आणि त्यांनी बाबाच्या पिशवीतला दुसरा, नवा पिंजरा उचलला, त्यात बोट घालून आकडा ओढला. खट्! त्या पिंजऱ्याला मी हात लावला नव्हता. खिट्टी जागच्या जागी बसली. हेडक्लार्कांनी बोट ओढलं, निघेना. दुसऱ्या हाताने दार उचललं, उचलेना. ते उभे राहिले, पिंजरा हाताला लोंबत. बाबा अजून घाबरलेलाच होता, पण खिट्टी म्हटलं की त्याच्यात बळ यायचं.

"ओढू नका भाऊ," तो आपल्या नेहमीच्या बोलीत म्हणाला. "जितकं ओढान तितकी बसते. माह्या डोक्यातली खिट्टी आहे थे."

साहेबांनी शंभर पिंजरे सांगितले. हेडक्लार्कांचं बोट सोडवल्यावर.

परतीच्या बसमध्ये बाबा दादारावच्या पिंजऱ्याची खिट्टी बोटाने चाचपून बघत होता. मला वाटलं खिट्टीवरून मार बसणार. मग तो म्हणाला, "अडानी आहेत म्हने!" आणि हसायला लागला. चामोर्शी फाट्यापर्यंत हसत होता. डब्यात दादाराव दारावर नाक आपटत होता, त्याला वाटलं बोलावणं आलं.

शंभर पिंजरे जूनमध्ये पोचले. पाचवीचे वर्गही जूनमध्येच सुरू झाले. मी गेले नाही. साहेबांनी दुसऱ्या गोदामाला सांगितलं, त्यांनी तिसऱ्याला, सगळीकडून बोलावणी यायला लागली आणि सगळ्यांचा निरोप एकच, त्या पोरीला आणा. बाबा म्हणाला, "एक हंगाम थांब, फुला. माह्यानं थे ऑफिसात बोलनं होत नाई." माय त्याच्याशी तीन दिवस भांडली, ठोकाठोकीच्या वरच्या आवाजात. बाबा दर वेळी "हाव, पुढच्या साली" म्हणायचा. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटायचं पुढच्या साली. ऑर्डर नसती मिळाली तर पाचवी नव्हती, आणि ऑर्डर मिळाली तरी पाचवी नव्हती, हे गणित मला कोणत्याच पाढ्यात सापडलं नाही. मी रडले वगैरे नाही. आठ दिवस दादारावचं सगळं खोबरं मीच खाल्लं, एवढंच.

निळ्या पेटीत आम्ही पिंजऱ्यांचं सामान भरायला लागलो. ती पेटी बाजारात न्यायची आणि तिच्यावरच मी बसायचे.

पुढच्याच चामोर्शीच्या बाजारात ती म्हातारी आली. बाबाने तिला आधी कधीतरी कौतुकाने माझ्या पाचवीचं सांगून ठेवलं होतं. नवरीची खबर घेऊन झाल्यावर तिने विचारलं, "अन् तुही पोरगी गा? गेली का शाळेत?"

बाबाने माझ्याकडे बघितलं नाही. "गेली ना बाई. याच पिंजऱ्यावर गेली. साहेबानं शंभर घेतले." लोक ऐकत होते. एकाने लगेच पिंजरा उचलला. झालं, नवरीसारखी तीही गोष्ट सुरू झाली. दर आठवड्याला गडचिरोलीतली पोरगी एकेक पायरी चढायची. ती पहिली आली. तिला बक्षीस मिळालं. तिला खाट खिडकीपाशी मिळाली, हे त्याला मी कधीतरी झोपेच्या आधी सांगितलं होतं, तेही त्याने घातलं. दीड वर्षात ती मास्तरीण झाली. एवढ्या लवकर कोणी होत नाही, पण कोणी विचारलं नाही. हे सगळं सांगत असताना मी त्याच्या पायाशी पेटीवर बसलेली असायचे, मांडीखाली माझंच नाव, आणि लोक हसले की दार सरकवायचे.

प्रज्ञा विचारते, आजी, तुला राग नाही आला? आला. पण गोष्ट चांगली होती. मीसुद्धा ऐकत बसायचे, या आठवड्यात मी काय केलं ते.

ती मास्तरीण झाली त्या आठवड्यात म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, समाधानाने मान हलवली. एक नरसाळं घेतलं, तिच्याकडे आधीच चार असताना. मग पदराची गाठ सोडून एक मोठा पिकलेला जांब काढला. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. तो तिने बाबाला दिला नाही. खाली वाकून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे त्या मास्तरीणबाईले देजो, बाई."

तिला सगळं माहीत होतं. बाजारात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

"हाव, देतो," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी तिथेच, पेटीवर बसून, तो जांब खायला घेतला. गोड होता. बाबा कोणाला तरी खिट्टी दाखवत होता, आमच्याकडे त्याची पाठ होती. अर्धा झाल्यावर मी डब्याचं दार सरकवलं आणि उरलेला दादारावला दिला. आमच्या दोघांत शिकलेला तोच होता.